शेवटच्या ओळीतलं नाव

मोहने गावातल्या बुद्धविहारात भिंतीवर मोठा स्क्रीन लागला आणि दगडूला अन्न गोड लागेना.

स्क्रीनवर वस्तीच्या जुन्या गायन पार्टीचा फोटो होता. कुणाच्याही चेहऱ्यावर बोट ठेवलं की त्याच्या आठवणी लोकांच्या आवाजात ऐकू येत. आपली सांगायची असेल तर तीही तिथेच सांगायची. चेहऱ्याखाली आठवणींचा आकडा. मुख्य गायक महिपतच्या खाली एक्केचाळीस. शेजारी पेटी घेऊन बसलेल्या दगडूच्या खाली दोन, आणि त्यातली एक त्याच्या सुनेची, तो घोरतो कसा ते सांगणारी.

महिपत जाऊन सहा वर्षं झालेली. मेलेल्या माणसावर जळू नये हे दगडूला कळत होतं, तरी तो जळत होता. कारण त्या एक्केचाळीसांतले तीस जण एकाच गाण्याबद्दल बोलले होते: ‘महिपतचं पाटीचं गाणं’, बायांना पाटी-पेन्सिल हाती घ्यायला सांगणारं. आणि ते रचलं होतं दगडूने, कंपनीतली पाळी संपवून आल्यावर, एका बैठकीत. शेवटच्या ओळीत रचणाऱ्याने आपलं नाव गुंफायचं असतं. तेव्हा तोच महिपतला म्हणाला होता, ‘‘गाणारा तू, तुझंच नाव टाकू.’’ तरुणपणी दाखवलेली ती दानत आता घशात अडकली होती.

रविवारी तो पेटी घेऊनच विहारात गेला. रेकॉर्डिंग सांभाळणाऱ्या मेघनाला म्हणाला, ‘‘लाव गं तुझं मशीन. पाटीचं गाणं खरं कसंय ते ऐकवतो.’’

वंदना आटोपून बायका बसल्याच होत्या. पुढे रंभा, महिपतची बायको. दगडू गायला लागला. आवाज फाटका, पण सूर पक्का. शेवटच्या ओळीला त्याने छाती भरून घेतली आणि खणखणीत म्हटलं, ‘‘दगडू सांगे...’’

शेवटची ओळ कोरस उचलतो, हे तो रागाच्या भरात विसरला होता. ‘‘महिपत सांगे, बायांनो,’’ सगळ्या बायका त्याच ठेक्यावर एकदम गायल्या, ‘‘आधी पाटी, मग चूल!’’ रंभेचा आवाज सगळ्यांच्या वर.

मेघनाने लावून दाखवलं. त्या गलक्यात दगडूचं नाव कुठेच नव्हतं.

‘‘भारी झालंय, आजोबा! की परत घेऊया?’’

तेवढ्यात रंभा डोळे पुसत म्हणाली, ‘‘भावजी, ह्यांच्यासाठी या वयात पेटी उचलून आणलीत.’’

दगडूने पेटीचा भाता बंद केला.

‘‘नको. लाव त्याच्याच फोटोला.’’

आकडा बेचाळीस झाला. पायऱ्यांवर चपला घालता घालता तो पुटपुटला, ‘‘मेला, तरी मला कोरसमध्येच बसवलं साल्याने.’’