न उचललेले तीन मिस कॉल

परक्या मुलखात विमान उतरलं की माणसाने भरवसा कुणावर ठेवायचा, सांगा बरं? नोकरी लावून देणाऱ्या एजंटवर? विमानतळावरच्या फुकट वायफायवर? की खिशातल्या फोनवर? उत्तराची घाई नको. आधी माझं ऐका. मी त्या फोनच्या पोटातलं सिमकार्ड बोलतोय.

नखाएवढा माझा देह, पण दुनियादारी मी बोईसर स्टेशनजवळच्या कृष्णकांत शेठच्या काउंटरवर शिकलो. तिथे काचेखाली पडल्यापडल्या काय काय ऐकलं! चिंचणीचे एक बागायतदार लेकीकडे दुबईला गेले. रोमिंगचा पॅक टाकला नाही आणि आठ दिवस नातवाचे व्हिडिओ इकडच्या नातलगांना धाडत बसले. परत आल्यावर बिल घेऊन दुकानात आले आणि म्हणाले, "शेठ, नातू आमचा असा सोन्याचा हाय, हे कंपनीला कुणी सांगितलं?" सगळं दुकान हसलं. शेठनेही चहा मागवला, आणि चहा संपायच्या आत त्यांना पुढच्या वेळचा पॅक विकला.

मला विकत घेतलं किनाऱ्यावरच्या दांडी गावच्या धीरजने. तारापूरच्या कारखान्यांत वेल्डिंग शिकलेला, सव्वीस वर्षांचा पोरगा. वडील मासेमारी बोटीचे तांडेल, म्हणजे कप्तान होते, ते वारले. घरी आई एकटी, रत्नाबाई.

दांडीत एक रिवाज आहे. खोल समुद्रातून परतणारी बोट रेंजमध्ये आली की तांडेल घरी मिस कॉल देतो. एक वाजला, सगळे सुखरूप. दोन वाजले, मासळी बख्खळ, टोपल्या घेऊन किनाऱ्यावर या. फोन मात्र उचलायचा नाही. चुकून उचलला तर, "बॅलन्स खाल्लास ना माझा!" म्हणून शिव्या ठरलेल्या. रत्नाबाईंनी तीस वर्षांच्या संसारातली शेवटची काही वर्षं अशा घंट्या मोजत काढली.

धीरज मस्कतला निघाला तेव्हा मायलेकांनी तोच रिवाज पुढे चालवला. आईचा फोन बटणांचा, आणि परदेशातून बोलायचं म्हणजे मिनिटाला किती पडतात हे शेठने तिला ऐकवलेलं. म्हणून ठरलं असं: एक म्हणजे बरा आहे, दोन म्हणजे पैसे धाडले, तीन म्हणजे तिकीट काढलं, घरी येतोय.

"आणि बोलायचं कधी, आई?" धीरजने विचारलं होतं.

"आल्यावर समोर बसून बोल. तोंड काय विमानात ठेवून येणार हायस?"

वर्षभर मी रोज संध्याकाळी एक घंटी पोचवली. कामगारांच्या खोलीत धीरजच्या शेजारच्या खाटेवर माकुणसारचा अंकुश असायचा. तो चिडवायचा, "तुझी आई जगातली सगळ्यात स्वस्त बाई हाय रे!" धीरज हसायचा, पण मग बराच वेळ फोन हातात धरून बसायचा.

नारळी पौर्णिमा जवळ आली तेव्हा त्याने शेठला निरोप धाडून माझ्यावर शंभर मिनिटांचा पॅक टाकून घेतला. सणाला आईला फोन उचलायला लावायचा, पोटभर बोलायचं, असा त्याचा बेत. आईला आधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती उधळपट्टी म्हणून ओरडली असती.

सणाच्या दोन दिवस आधी दुपारी तो बांधकामाच्या उंच परांचीवरून पडला.

इस्पितळात शुद्ध होती, पण वेळ थोडा होता. डॉक्टरांनी अंकुशला खुणेनेच ते सांगितलं. अंकुश स्वतःच्या फोनवरून लावायला निघाला, तर धीरज म्हणाला, "माझ्यावरून लाव. आई माझाच नंबर ओळखते. तिचा आवाज ऐकव फक्त."

अंकुशने लावला. मी दर्या ओलांडून घंटी दांडीला पोचवली. पूर्ण वाजली, कुणी उचललं नाही. पुन्हा लावला. पुन्हा पूर्ण वाजली.

तिकडे काय घडलं ते मला मागाहून कळलं. रत्नाबाई शेजारच्या जयवंतीबरोबर ओट्यावर बोंबील निवडत बसल्या होत्या.

"अगं, वाजतंय कवापास्नं, उचल ना!"

"गप बस. पोराचे पैसे जातील. दोन झाले. पैसे धाडले त्याने."

आणि तिसरा वाजला.

"तीन! जयवंती, तीन! येतोय गं माझा धीरज, सणाला येतोय!"

"मंग पेढे काढ, वहिनी. नायतर तुझ्या होणाऱ्या सुनेला मी आधीच तुझ्या सगळ्या खोड्या सांगेन."

इकडे धीरजने विचारलं, "उचलला?" अंकुश म्हणाला, "वाजतोय अजून." चौथ्यांदा लावायची वेळ आली नाही.

रत्नाबाईंनी गल्लीत पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी अंकुशचा भाऊ माकुणसारहून बातमी घेऊन पोचला, तेव्हा त्यालाही त्यांनी आधी पेढाच दिला. पेढा हातात धरूनच त्याने बातमी सांगितली. सोळा दिवसांनी धीरज आला, पेटीतून.

माझ्या कामात कसूर नव्हती. तिन्ही घंट्या मी बिनचूक पोचवल्या. शंभरची शंभर मिनिटं तशीच शिल्लक राहिली आणि महिना संपल्यावर विरून गेली. कंपनीच्या दृष्टीने धीरज उत्तम ग्राहक.

अंकुशने मला परत आणून दिलं. आता मी रत्नाबाईंच्या बटणांच्या फोनात दुसऱ्या खाचेत असतो. रिचार्ज केला नाही तर धीरजचा नंबर दुसऱ्या कुणाला जाईल असं शेठने सांगितल्यापासून त्या दर महिन्याला बोईसरला येतात. शेठ पैसे घेत नाही, त्या काउंटरवर ठेवून जातात. आणि आता त्या प्रत्येक फोन उचलतात. कर्ज विकणारी पोरगी असो की चुकीचा नंबर. म्हणतात, "बोल बाय, आयकतंय मी." समोरची गडबडून फोन ठेवते. या फोन धरून तशाच बसून राहतात.

मंडळी, तुमचंही कुणी दूर देशी असेल. काटकसर करा, मी व्यापाऱ्याच्या घरचा, मी नको म्हणणार नाही. फक्त हिशोब खरा ठेवा. वाचलेले रुपये ज्या पानावर लिहाल, त्याच पानावर न उचललेले फोनही लिहा, आणि मगच बेरीज करा.