पाच पाकळ्यांचा थेंब

"दिसलं! फूल दिसलं!" भिंगावरून डोळा काढत रांगेतला एक म्हातारा ओरडला आणि गोदामभर हात जोडले गेले.

धातुबाबांनी वितळलेल्या धातूचा थेंब मंत्र पुटपुटत तांब्याच्या दोन थंड पाट्यांमध्ये दाबून चकतीसारखा चपटा केला होता. तेजाबानं पुसल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली त्यात पाच पाकळ्या दिसत. मंत्राविना मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या भांड्यातच, निवलेल्या धातूत मात्र काहीच नाही!

"धातूत पाचाची नक्षी? शास्त्रज्ञ म्हणत होते, अशक्य! आमच्या जिभेवर फुलते ती!" बाबा गरजले. "ही चकती बुडवलेलं पाणी आजाऱ्याला पाजा, औषधाच्या सुया गटारात टाका!"

शिवणकाम करणाऱ्या एका बाईनं मधुमेही लेकीचं इन्सुलिन खरंच बंद केलं होतं. पोर ओकू लागली, धापा टाकू लागली, शेवटी हाकेला ओ देईना. नवऱ्यानं तिला उचलून इस्पितळात नेलं. ही धावत आली बाबांकडे.

"बाबा, माझी पोर चालली हो!"

"श्रद्धा कमी पडली तुझी."

मागून नणंदेनं तिचा दंड धरला. ती कॉलेजात धातुशास्त्र शिकवायची. "वहिनी, पोरीपाशी चल."

"फूल घेतल्याशिवाय नाही येणार, वन्सं! डोळ्यांनी पाहिलंय मी."

"मग परत बघ." नणंद बाबांकडे वळली. "तुम्ही मंत्र म्हणा, पण थेंब तापल्या विटेवर सावकाश निवू द्या. दुसरा थेंब पाट्यांमध्ये मी दाबते, तोंड मिटून."

बाबा आढेवेढे घेऊ लागले. "होऊन जाऊ द्या की!" गर्दीच म्हणाली.

दोन्ही थेंब घासून, पुसून झाले. बाईनं भिंगाला डोळा लावला. मंत्राच्या थेंबात नुसत्या आडव्यातिडव्या रेघा. मुक्या थेंबात फूल.

"ॲल्युमिनियममध्ये मँगनीज मिसळलंय," नणंद म्हणाली. "सावकाश निवलं की अणू नेहमीच्या रांगा लावतात. क्षणात गोठवलं की तेवढी सवड मिळत नाही. ते पाचाच्या अनोख्या मांडणीत अडकतात. शास्त्रज्ञांनाही हे अशक्य वाटायचं. त्यांनी तपासलं आणि मत बदललं. फूल खरंय, वहिनी. पण पोरीच्या साखरेशी त्याचा काडीचा संबंध नाही."

बाई दाराकडे धावली. उंबऱ्यावर वळून रांगेवर ओरडली, "औषधं बंद करू नका! मंत्राशिवाय करून दाखवा म्हणा त्या बाबाला! मी तसं म्हटलं नाही हो... मी विचारलंच नाही!"

काहीजण रांगेतून बाहेर पडले. बाकीचे तिथेच उभे राहिले.

इस्पितळात पोरीचे डोळे मिटलेलेच होते. "फार उशीर केलात," डॉक्टर म्हणाले. "उपचार चालू आहेत. आत्ता काहीच सांगता येत नाही."

बाईनं पोरीचा गार हात दोन्ही हातांत धरला.

"डॉक्टर, हिला नेमकं काय झालंय?" तिनं विचारलं. "मला सगळं नीट समजावून सांगा. कळेपर्यंत मी विचारत राहणार."