सबब अपात्र

"खुर्ची क्रमांक सतरा कच्च्या लाकडाची आहे. तिच्या सांध्यांत खिळा, स्क्रू किंवा डिंक नाही. तिच्यावर माणसाने बसणे धोक्याचे आहे. सबब अपात्र."

हस्तकला केंद्राच्या वार्षिक प्रदर्शनाच्या परीक्षकांनी हिरव्या शाईत लिहिलेला हा अहवाल मी पूर्ण उद्धृत केला आहे. त्यात गाळण्यासारखे काही नाही, कारण ठेवण्यासारखेही काही नाही. शब्दकोशाच्या कचेरीत माझी सव्वीस वर्षे गेली; एखादा शब्द कुठे बसतो आणि कुठे नुसता बसवला जातो, एवढे ओळखण्यापलीकडे मला दुसरे काही येत नाही. तेव्हा क्रमाने पाहू.

'कच्चे' हा शब्द आमच्या नोंदींत अकरा अर्थांनी येतो. वीट कच्ची असते, मसुदा कच्चा असतो, एखादा मुलगा गणितात कच्चा असतो, आणि ज्याला खेळात घ्यायचे पण धरायचे नाही तो कच्चा लिंबू असतो. या सर्वांत एक गोष्ट समान आहे: जे व्हायला हवे होते ते अजून झालेले नाही. झाड ओले असते ते अपुरे असल्यामुळे नव्हे, जिवंत असल्यामुळे. परीक्षकांनी 'ओले' लिहिले असते तर वर्णन झाले असते. 'कच्चे' लिहिले आणि निकाल लागला. तोही पहिल्याच वाक्यात, पुराव्याची वाट न पाहता.

दुसरे वाक्य खरे आहे. ती स्तुती आहे हे परीक्षकांच्या लक्षात आले नाही, एवढेच. तिसऱ्याकडे मी नंतर येईन. चौथ्यातला 'सबब' मात्र अचूक पडला आहे. दप्तरात त्याचा अर्थ 'म्हणून' असा होतो आणि घरात 'निमित्त' असा. परीक्षकांनी पहिला अर्थ योजला. भाषेने दुसरा पोचवला.

खुर्ची माझ्या थोरल्या बहिणीने केली. रुग्णालयाच्या प्लास्टरखोलीत ताईने एकतीस वर्षे लोकांची मोडलेली हाडे बांधली. निवृत्तीनंतर तीन वर्षे यादीत थांबून तिला केंद्राच्या सुतारखोलीतले खिडकीजवळचे कामाचे बाक मिळाले. त्या बाकावर ती जितकी हसते तितकी आमच्या घरात कधी हसली नव्हती. केंद्राचा नियम असा, की ज्याची वस्तू अपात्र ठरेल त्याने पंधरा दिवसांत बाक रिकामे करायचे. म्हणजे त्या चार वाक्यांनी एक खुर्ची नाकारली नव्हती. एक खिडकी बंद केली होती.

वाऱ्याने पडलेल्या झाडाचा ओंडका तिने करवतीला लावला नाही. पाचरी ठोकून तो उभा फोडला, कारण करवत लाकडाचा धागा वाटेल तिथे कापते आणि पाचर धाग्याच्या वाटेने जाते. मग तासकामाच्या लाकडी घोडीवर बसून, पायाने तुकडा दाबून धरून, दोन मुठींच्या सुरीने तिने एकेक भाग तासला. खुर्चीचे पाय ओलेच ठेवले. त्यांना जोडणाऱ्या आडव्या दांड्या मात्र न्हाणीघरातल्या बंबावर वाळत टाकल्या. रोज सकाळी ती त्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायची आणि वजन कॅलेंडरवर लिहायची. तीन दिवस एकच आकडा आला, की दांडी वाळली. त्या कोरड्या दांड्यांची टोके तिने ओल्या पायांच्या भोकांत ठोकून बसवली. पाय वाळतो तसे भोक आकसते आणि दांडीला आवळते.

"हे तुला कुणी शिकवलं?" मी विचारले होते.

"एकतीस वर्षं दुसरं काय केलं मी? ओलं गुंडाळायचं, वाळताना ते आपोआप धरतं. सोडवायला शेवटी करवतच लागते."

अहवाल आला त्या दिवशी ती हत्यारे तेलाच्या फडक्यात गुंडाळू लागली.

"अगं, दाद तरी माग," मी म्हणालो.

"कशाला? तू तिथं शब्दांचा कीस पाडणार आणि ते सगळे घड्याळाकडे बघणार. चल, खुर्ची घेऊन येऊ आधी."

चौथ्या दिवशी आम्ही गेलो, तेव्हा केंद्राच्या सामानखोलीत खुर्ची भिंतीकडे तोंड करून उभी होती. ताईने दोरीने विणलेल्या बैठकीवरून तळवा फिरवला आणि थांबली. ती स्वतः त्या खुर्चीवर एकदाही बसली नव्हती. निकालानंतर बसेन, असे ठरवले होते तिने.

"पंडिता, हिच्यावर कुणीतरी बसलंय."

"कशावरून?"

"दोरी खाली गेलीये. जड माणूस, तासन् तास. आणि डावीकडे जास्त दबलीये. उजवा खुबा दुखतो त्याचा, म्हणून डावीवर भार."

मग मीही वाकलो. बैठकीच्या पुढच्या कडेला हिरव्या शाईचा ठिपका होता. पुढच्या उजव्या पायावर, बाहेरच्या अंगाला, ओल मोजायच्या यंत्राच्या सुयांची दोन भोके होती आणि ती वरून खाली तिरपी गेली होती. समोर वाकून मोजणारा माणूस सुई सरळ टोचतो. अशी तिरपी टोचायला हात वरून यावा लागतो. म्हणजे माणूस त्या पायाच्या वर बसलेला असावा लागतो. मी ताईला दाखवले. चार दिवसांत ती पहिल्यांदा हसली.

"पाड बाबा," ती म्हणाली, "आता पाड तुझा कीस."

अहवालानंतर अकराव्या दिवशी केंद्राच्या समितीपुढे सुनावणी झाली. अध्यक्षबाई पेशाने दंतवैद्य. एक कारकून इतिवृत्त लिहीत होता, आणि केंद्राचे शिपाई, ज्यांना सगळे मामा म्हणतात, खुर्ची घेऊन आले होते. परीक्षक आले ते उजवा पाय जपत. ताईने मला कोपराने ढोसले.

"आपण या खुर्चीवर बसून पाहिलंत का?" मी विचारले.

"बसायचं कशाला? विष आहे हे कळायला चाखून बघतात का?"

"मग धोका कुठं आढळला?"

"यंत्रात. पायात ओल अठ्ठावीस टक्के. नियम पंधराचा आहे. ओलं लाकूड वाळलं की आकसतं आणि सांधा ढिला पडतो. त्यात नवीन ते काय?"

"आकसतं, बरोबर," ताई म्हणाली. "पण साहेब, भोकही आकसतं की. दांडीची ओल किती भरली?"

"दांडीची?"

"ती वाळवून घातलीये. तुम्ही पायच तेवढा टोचलात."

परीक्षकांनी नियमावली उघडली. दांड्यांविषयी तिच्यात काही नव्हते, त्यामुळे त्यांनाही दांड्यांविषयी काही म्हणायचे नव्हते. अध्यक्षबाईंनी चष्मा पुसला.

"ओढून बघा ना," त्या म्हणाल्या. "दात हलतोय का ते बघायला आम्ही अहवाल मागवत नाही."

परीक्षकांनी दांडी दोन्ही हातांनी धरली, खुर्चीच्या पायाला आपला बूट टेकवला आणि पिळून ओढली. सांधा कुरकुरलासुद्धा नाही. ते मात्र खुर्चीसकट दोन पावले मागे सरकले.

"साहेब, तुम्ही तिला ओढताय का ती तुम्हाला?" मामा म्हणाले.

मग मी ठिपका दाखवला, तिरपी भोके दाखवली आणि परीक्षकांचे पेन मागितले. त्यांनी ते दिले नाही. खिशात अधिक खोल सरकवले. ताईने फक्त विचारले, "खुबा कधीपासून दुखतोय?"

"दोन वर्षं झाली," ते चटकन म्हणाले, आणि मग आपण कशाचे उत्तर दिले हे त्यांच्या ध्यानात आले.

मामा कानामागे खाजवत म्हणाले, "बाई, त्या दिवशी सगळ्या खुर्च्या सभागृहात गेल्या होत्या. साहेब म्हणाले, बसायला काहीतरी आण. हाताशी आली ती आणली. क्रमांकाची चिठ्ठी पाठीवर होती, मी काही बघितली नाही."

"मामांनी नाही बघितली," मी म्हणालो. "पण सुई टोचताना आपण बघितलीत. धोक्यावर बसून आपण धोक्याचा अहवाल लिहिलात."

ताई उठली, खुर्चीपाशी गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर टेकली. पाठ मागे रेलून, हात मांडीवर ठेवून बसली. एखाद्या रोग्याने प्लास्टर निघाल्यावर पहिले पाऊल नीट टाकले की ती जशी बघायची, तशी समोर बघत.

समितीला चर्चेची गरज पडली नाही. अपात्रता रद्द. बाक ताईकडेच. खुर्ची प्रदर्शनात दाराजवळ मांडायची आणि येणाऱ्याला बसू द्यायचे. पुढच्या वर्षापासून परीक्षकाने प्रत्येक खुर्चीवर बसून पाहायचे, अशी दुरुस्ती अध्यक्षबाईंनी नियमावलीत स्वतःच्या अक्षरात घातली.

मी एकच मागणी केली, की परीक्षकांनी शेवटी दिलेले निवेदन शब्दही न बदलता इतिवृत्तात घ्यावे. वाक्ये सुधारणे हा माझा व्यवसाय आहे. या वाक्यांच्या मात्र अनुस्वारालाही मी हात लावलेला नाही:

"हो, बसलो होतो. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. सगळे सतरा अहवाल तिच्यावर बसूनच लिहिले, तिचासुद्धा. दुपारी मामांनी दुसरी खुर्ची आणली होती, गादीची. पण खरं सांगतो, ही सोडवेना."