विसार घेणारा

मास्तरांनी कात्री चालवली आणि त्याच क्षणी खिशातला फोन थरथरला. कात्री खडूच्या रेघेवरून अर्धं बोट आत घसरली. करड्या लोकरी कापडाचा बाहीचा तुकडा टेबलावर आडवा झाला आणि मास्तर त्याच्याकडे नुसते बघत राहिले. शिवणकामात त्यांची उभी हयात गेली होती. गिऱ्हाइकाचं पोट वाढायचं, खांदा उतरायचा, पण मास्तरांची कात्री कधी रेघ सोडायची नाही.

"काय झालं हो?" मागच्या भिंतीशी स्टुलावर उभ्या असलेल्या बायकोने वळून न बघताच विचारलं.

"काही नाही. तू उतर आधी, पडशील."

"वॉर्डात सलाइनच्या बाटल्या लावल्यात मी स्टुलावर चढून. पडायची असते तर तेव्हाच पडले असते."

तिने मास्तरांचाच खडू घेतला होता आणि त्यांचीच लांब पट्टी. भिंतीवर ती खिडकी काढत होती. एक उभी रेघ, एक आडवी, पुन्हा एक उभी. दुकानाला खिडकी नव्हती. भर दुपारी दिवा लावून बसावं लागायचं आणि सुईत दोरा ओवताना दोघांच्याही डोळ्यांना पाणी यायचं. एक खिडकी पाडू द्या म्हणून मास्तरांनी दुकानमालकाच्या मागे कितीदा तगादा लावला होता. मालकाचं उत्तर ठरलेलं. भिंत माझी आहे, म्हणायचा.

आता भिंत त्यांची होणार होती. मालक लेकीकडे राहायला जायचा होता आणि दुकान विकायला काढल्यावर त्याने पहिल्यांदा मास्तरांनाच विचारलं होतं. बायको इस्पितळातून नर्स म्हणून निवृत्त झाली, तिचा फंड हातात आला, आणि दोन्ही गोष्टी अशा जुळून आल्या की तिला आकाश ठेंगणं झालं. विसार देऊन झाला होता. सोमवारी खरेदीखत. त्यासाठीचा ड्राफ्ट काढायला ती आज बँकेत जाणार होती.

मास्तरांनी तिच्याकडे पाठ केली आणि फोन बाहेर काढला.

मार्जिन कमी पडत आहे. दुपारपर्यंत रक्कम भरा, अन्यथा आपले सौदे बंद करण्यात येतील.

काल संध्याकाळी त्यांनी खात्यातले उरलेसुरले पैसेसुद्धा तिकडे वळते केले होते. भरायला आता काही शिल्लक नव्हतं.

"एवढी रुंद बस झाली ना?" बायकोने विचारलं.

"बस झाली."

"बघितलं तरी का तुम्ही?"

मास्तरांनी बघितलं. मापाने चोख काढली होती तिने.

या सगळ्याची सुरुवात एका ब्लेझरपासून झाली होती. ब्लेझर शिवायला आलेले गृहस्थ कोपऱ्यावरच्या सभागृहात रविवारी वर्ग घ्यायचे. सामान्य गुंतवणूकदारांसाठी डेरिव्हेटिव्हची ओळख, असा फलकच लावला होता बाहेर. छातीचं माप देता देता ते म्हणाले, "मास्तर, तुम्हीही या. तीन रविवार फक्त. अगदी सोपं करून सांगतो." माप देणाऱ्या माणसाला नाही म्हणायची मास्तरांना सवय नव्हती. शिवाय सगळं गाव ज्यांना मास्तर म्हणतं त्यांनी म्हातारपणी बाकावर बसायचं, याचीही त्यांना गंमत वाटली.

आणि सरांनी खरंच सोपं करून सांगितलं. समजा तुम्हाला एक घर आवडलं, ते म्हणाले. तुम्ही विसार दिलात. आता ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या भावाने ते घर घ्यायचा हक्क तुमचा झाला. भाव चढला तर तुमची चांदी. पडला तर घर घेऊ नका, विसार बुडाला एवढंच. शेअरच्या बाजारात याच विसाराला कॉल ऑप्शन म्हणतात.

मास्तरांनी कान टवकारले. हा शब्द त्यांचा रोजचा होता. गिऱ्हाइकं ॲडव्हान्स म्हणायची, मास्तर विसारच म्हणायचे. विसार घेतल्याशिवाय त्यांनी कधी कुणाच्या कापडाला खडू लावला नव्हता. सख्ख्या साडूकडूनही घेतला होता, आणि त्यावरून साडू अजून टोमणे मारायचा.

"बुडतात किती असे विसार?" मागून कुणीतरी विचारलं.

"बरेचसे बुडतात," सर म्हणाले. माणूस सरळ होता, त्याने काही लपवलं नाही.

मग ते पैसे जातात कुणाकडे, हे मास्तरांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. दुसऱ्या रविवारी वर्ग सुटताना सर म्हणाले, "विसार घेणाऱ्याची बाजू आपण पुढच्या रविवारी बघू. तोवर कुणीही विकायच्या बटणाला हात लावायचा नाही." मास्तर मिशीतल्या मिशीत हसले. विसार घ्यायचा कसा, हे आता त्यांना हे पोरगेले सर शिकवणार! तिसऱ्या रविवारी बँडवाल्यांचे गणवेश द्यायचे होते. मास्तर गेलेच नाहीत.

त्यांनी एक सिमेंटची कंपनी निवडली. उन्हात पडलेल्या म्हशीसारखी होती ती, महिनोन्‌महिने जागची हलली नव्हती. तिचा भाव चढेल असं ज्यांना वाटत होतं त्यांच्याकडून मास्तरांनी विसार घेतला. फोनवर बटण दाबलं आणि पैसे जमा. ना खडू, ना कात्री, ना इस्त्री. मास्तरांना इतकं हलकं वाटलं की घरी जाताना ते चक्क शीळ घालत होते. पुढच्या आठवड्यात त्यांनी आणखी विसार घेतला, त्याच्या पुढच्या आठवड्यात त्याहून जास्त. यासाठी तारण म्हणून काही रक्कम ठेवावी लागायची, तिला मार्जिन म्हणत. बायकोचा फंड दोघांच्या नावावरच्या खात्यात नुसताच पडून होता. तो त्यांनी तिकडे हलवला. खरेदीखताच्या आत परत आणून ठेवू, बायकोला कळणारही नाही, आणि वर खिडकीचा खर्च सुटेल.

मग बातमी आली की एक बडी कंपनी ही सिमेंटची कंपनी विकत घ्यायला निघाली आहे. म्हैस उठली आणि सुसाट सुटली.

"मास्तर!" शेजारचा चष्मेवाला दारातून आत डोकावला. तो हसत होता. "सिमेंट बघितलं का? आज उघडताच आणखी वर! तुमच्याकडे आहेत की नाही?"

"नाहीत."

"अरेरे! ओटीवर आलेली लक्ष्मी सोडलीत. चढायचं थांबतच नाही हो."

तो गेला. मास्तरांनी टेबलाची कड धरून ठेवली. गेले काही दिवस हे असंच चाललं होतं. बाजार पडला म्हणून लोक हाय खातात, हे त्यांनी ऐकलं होतं. इथे बाजार चढत होता, अख्खी गल्ली खुशीत होती आणि त्यात एकट्या मास्तरांचे पैसे बुडत होते. कुणाजवळ बोलायचीही सोय नव्हती. सरांना फोन करायला त्यांचा हात धजत नव्हता. आणि तरीही कुठेतरी त्यांना वाटत होतं की हे खरं नाही. विसार त्यांनी घेतला होता, दिला नव्हता. घेणाऱ्याचं कधी काही जातं का?

बायको स्टुलावरून उतरली. हात झटकून तिने खांद्याला पिशवी अडकवली. "निघते मी. दुपारी बँकेत गर्दी होते."

"उद्या गेलीस तर?"

"उद्या सुट्टी आहे बँकेला. आणि तुमचं काय हे, कालपासून उद्या, उद्या!"

मास्तर काही बोलायच्या आत दारात सावली आली. दुकानमालक होता. काठी टेकत आत आला, बाकावर बसला आणि भिंतीवरच्या खडूच्या खिडकीकडे बघून त्याने भुवया चढवल्या.

"सोमवारपर्यंत दम निघाला नाही वाटतं वहिनींना?"

"पुसून टाकू का?" बायको म्हणाली. "सोमवारपर्यंत भिंत तुमचीच आहे."

मालक खो-खो हसला. मग गुडघा चोळत म्हणाला, "काल एकजण आला होता माझ्याकडे. त्या नव्या रस्त्याची बातमी फुटल्यापासून इथले भाव बघितलेत ना? त्याने जो आकडा सांगितला तो ऐकून रात्रभर डोळा लागला नाही माझा. आपलं ठरलंय त्याच्या दुप्पट."

बायकोचा चेहरा उतरला. "मग?"

"मग काय? हात जोडले त्याला. विसार घेतलाय ना मी तुमचा!" मालकाने काठी जमिनीवर आपटली. "तुमचं बरं आहे, वहिनी. तुम्ही मोकळ्या. उद्या मन बदललं तर विसारावर पाणी सोडाल आणि घरी जाल. बांधला गेलो तो मी. भाव दुप्पट होवो, चौपट होवो, ठरल्या भावात मला द्यावंच लागणार. विसार घेणाऱ्याची सुटका नाही हो."

"पस्तावलात की काय?"

"पस्तावलो तर! पण माझ्याकडे निदान द्यायला दुकान तरी आहे." तो पुन्हा हसला. "दुकान नसताना विसार घेतला असता तर आज या भावात दुसऱ्याचं विकत घेऊन तुम्हाला द्यावं लागलं असतं. नेसूचं सोडून द्यायची पाळी."

मास्तरांचा हात खिशातल्या फोनकडे गेला. त्यांच्याकडे त्या कंपनीचा एकही शेअर नव्हता. कधीच नव्हता. जे आपलं नाही त्याचा विसार त्यांनी घेतला होता, पुन्हा पुन्हा घेतला होता, आणि आता घ्यायला माणसं दारात उभी होती. भाव आणखी चढला तर आणखी द्यायचं. त्याला तळ नव्हता.

त्यांची नजर वरच्या दांडीवर गेली. तिथे न नेलेले कपडे टांगलेले असायचे. विसार देऊन गेलेली आणि पुन्हा न फिरकलेली माणसं. एक निळा सूट तर त्यांचे केस काळे होते तेव्हापासूनचा. मास्तरांनी वर्गात बसून याच दांडीची आठवण काढली होती, घेणारा कसा फायद्यात असतो याचा दाखला म्हणून. पण तो सूट त्यांनी कधी विकला नव्हता की कुणाला देऊन टाकला नव्हता. बायको दरवर्षी तो उन्हात घालायची, पुन्हा टांगायची. टाकून देऊ या का म्हटलं तर मास्तरच म्हणायचे, कसा टाकायचा, विसार घेतलाय ना. इतकी वर्षं स्वतःच्या तोंडाने म्हणत होते.

मालक उठला. "सोमवारी वेळेवर या," म्हणून निघून गेला.

"देवमाणूस आहे हो," बायको म्हणाली. "दुसरा कुणी असता तर फिरला असता. चला, आता मात्र मी निघते." आणि मग थांबली. "अहो, घाम केवढा आलाय तुम्हाला?"

"उकडतंय."

उकडत नव्हतं. तिने पदराने त्यांचं कपाळ टिपायला हात पुढे केला, तेवढ्यात एक बसचालक आत आला. हातात कापडाचं पुडकं होतं. लेकीचा पदवीदान समारंभ होता आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला कोट शिवायचा होता. लाजत लाजत तो सगळं सांगत होता. मास्तरांनी त्याची मापं घेतली. छातीचं माप त्यांनी दोनदा घेतलं.

माप संपल्यावर बसचालकाने खिशातून नोटा काढल्या. "तुम्ही विसाराशिवाय कापड ठेवून घेत नाही म्हणे. हे घ्या."

नोटा पुढे आल्या. मास्तरांचा हात उचललाच गेला नाही. त्यांनी तो मागे, पाठीशी नेला.

"राहू द्या," ते म्हणाले. "कोट झाल्यावर द्या."

"अहो, पण..."

"नको. विसार नको मला."

बसचालक भारावून गेला. देवासारखे भेटलात म्हणाला, पुन्हा पुन्हा मान लववत गेला.

बायको दाराशी उभी होती, खांद्याला पिशवी, हातात पासबुक. ती मास्तरांकडे बघत होती. सासऱ्यांच्या शेवटच्या आजारात त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांकडूनसुद्धा मास्तरांनी कोटाचा विसार घेतलेला तिने पाहिला होता. मग तिने टेबलावरच्या बाहीच्या तुकड्याकडे बघितलं, रेघ सोडून गेलेल्या कापाकडे बघितलं.

तिने पिशवी खांद्यावरून काढली आणि टेबलावर ठेवली. मास्तरांना बाकावर बसवून ती स्टूल ओढून त्यांच्या समोर बसली. त्यांचं मनगट तिने दोन बोटांत धरलं, इस्पितळात धरायची तसं, आणि ठोके मोजले. खिशात फोन पुन्हा थरथरला. तिने ऐकला.

"किती गेले?" तिने हळू विचारलं.

दुसरा हात वर करून मास्तरांनी तिच्या मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं.

तिने वळून बघितलं. भिंतीवर खडूची खिडकी होती. तिच्या बोटांना अजून पांढरा खडू लागलेला होता, आणि तो मास्तरांच्या मनगटावर उमटला होता.