पुन्हा पहिल्यापासून

सरकारी वकील गृहखात्याच्या सचिवांच्या खोलीत पोहोचले तेव्हा त्यांना धाप लागली होती. परदेशातला एक निवृत्त सेनाधिकारी मोतीबिंदू काढायला इथल्या इस्पितळात आला होता. त्याला अटक करायला त्यांना मंजुरी हवी होती. युद्धात त्यानं एका गावातले कैदी ओळीनं उभे करून मारले होते. त्याच गावाहून पळून आलेली एक बाई इस्पितळात आया होती. तिनं त्याला ओळखलं. मेलेल्यांत तिचा धाकटा भाऊ होता.

"लढाई त्यांची, माणसं त्यांची. आपण कशाला नाक खुपसायचं?" सचिव म्हणाले.

"असा माणूस ज्या देशात सापडेल त्या देशानं त्याला धरायचंच, असा करार आहे, साहेब. सगळ्या देशांच्या सह्या आहेत."

"मग सगळे मिळून धरू देत की!" सचिव स्वतःच्याच विनोदावर हसले. मंजुरी मिळाली नाही. वकिलांना चोख उत्तर सुचलं, पण ते खाली फाटकाशी आल्यावर. नेहमीसारखंच.

इस्पितळात आया औषधाची बाटली घेऊन निघाली होती.

"नाही जमलं, मावशी. संध्याकाळी तो जाणार."

"आधी दोन देशांचे वकील सगळं लिहून घेऊन गेले. तुम्ही तिसरे." ती थांबली नाही. "त्याच्या औषधाची वेळ झाली."

"दुसऱ्या कुणाला सांगा ना."

"डोळा सुजलाय त्याचा. थांबून कसं चालेल?"

वकील दारातूनच बघत राहिले. तिनं अलगद पापणी वर केली, थेंब सोडले, गालावरचा ओघळ कापसानं टिपला.

"आमच्याकडच्याच ना हो तुम्ही? बोलण्यावरून वाटलं," तो म्हणाला. "बरं वाटलं, आपलं माणूस भेटलं."

"डोळे मिटून पडा," ती म्हणाली. बाहेर येऊन ती भिंतीला टेकली.

मंजुरीवाचून, साध्या नागरिकासारखं वकिलांना कोर्टात जाता येत होतं. तसं कुणी जात नसे. नोकरीवर गदा येईल. घरी बायको म्हणेल, या वयात कसली खाज. वकिलांनी घसा खाकरला.

"मावशी, आपण दोघंच जाऊ कोर्टात. उद्या वरचं कोर्ट अर्ज फेटाळेलही. पण आज त्याला निघता येणार नाही, एवढं बहुतेक होईल. तुम्हाला मात्र सगळं पुन्हा सांगावं लागेल."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

तिनं डोळे मिटले, उघडले. मग बाटली नर्सच्या हातात देऊन पुढचे थेंब कधी घालायचे ते समजावून सांगितलं, आणि ती चपला शोधू लागली.