डावीकडचा कोबी

सलूनवाल्याला अर्धांगवायूचा झटका आला, पण सौम्य. हातपाय शाबूत, जीभ तर पहिल्यापेक्षा सैल. फक्त डावीकडचं जग त्याच्या लक्षातच येईना. ताटातलं उजवीकडचं जेवायचा, डावीकडचं तसंच सोडायचा. स्वतःची दाढी अर्धीच करून आरशात समाधानाने बघायचा.

डॉक्टर म्हणाले, "येईल हळूहळू ठिकाणावर."

बायको म्हणाली, "येईपर्यंत दुकानाची किल्ली माझ्याकडे. लोकांना कान दोनच असतात."

हळूहळू बरंचसं आलंही ठिकाणावर. पण तोवर त्याला चटक लागली होती. ताटात डावीकडे बिनमिठाचा उकडलेला कोबी. सोफ्यावर डावीकडे मेहुणा, मदतीला म्हणून आलेला आणि रोज आपल्या मुतखड्याची कहाणी पहिल्यापासून सांगणारा. कोण बघेल तिकडे?

"अहो, कोबी राहिला."

"कुठला कोबी?"

"आणि माझा भाऊ मघापासून बोलतोय तुमच्याशी!"

"आलाय का तो? कधी आला?"

मेहुण्याने कपाळाला हात लावला. "ताई, भाऊजी गेले गं हातातून."

असं सुखात चाललं होतं. मग एकदा सलूनवाला फिरायला गेला, तर त्याची गिऱ्हाईकं कोपऱ्यावरच्या नव्या सलूनमधून बाहेर पडताना दिसली. आणि काय ते केस! उंदरांनी कुरतडल्यासारखे. घरी येऊन म्हणाला, "सोमवारी दुकान उघडतो."

"डावीकडचं दिसतं?"

आली पंचाईत. हो म्हणावं तर कोबी गळ्यात, नाही म्हणावं तर दुकान बंद.

"दुकानातलं दिसेल," तो म्हणाला. "घरातलं सांगता येत नाही."

जेवताना बायकोने ताटात डावीकडे, कोबीच्याही पलीकडे, बटाट्याचे दोन कुरकुरीत काप ठेवले. सलूनवाल्याचा हात कोबीला वळसा घालून गेला आणि काप घेऊन परत आला.

"अगंबाई! हे बरं दिसलं!"

"वासावर गेलो गं."

"कधीचं कळलंय मला. म्हटलं, लाज कधी वाटते बघू. स्वतःच्या दुकानाला स्वतःच कुलूप लावून बसलात!"

त्याने मुकाट्याने कोबी संपवला. "आता दे किल्ली."

"आधी ह्याची दाढी-कटिंग करून दाखवा."

मेहुणा उठायला लागला. ताईने खांदे दाबून खाली बसवलं. त्याने डोळे मिटले ते मिटलेच, मुतखडासुद्धा विसरला. पण कात्री आणि वस्तरा झोकात चालले. उजवा गाल झाला, डावा झाला, एक ओरखडा नाही. टॉवेल झटकून सलूनवाला म्हणाला, "घ्या!"

उजवा कल्ला बेताचा. डावा मात्र कानाखाली झुपक्यासारखा लोंबत होता.

"पुरे हं आता नाटक," बायको हसली.

तो हसला नाही. "कसलं नाटक? काय राहिलं?"

ह्या वेळी त्याला खरंच दिसलं नव्हतं. कात्री धरलेला हात खाली आला.

मग बायको नवऱ्याच्या डावीकडे जाऊन उभी राहिली आणि खोकली. त्याने मान वळवली. आधी बायको दिसली, मग कल्ला. कच्च!

"सापडला," तो हळूच म्हणाला.

तिने किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली.

सोमवारी दुकान उघडलं. खुर्चीच्या डावीकडे स्टुलावर बायको, मांडीवर वीणकाम. काही राहिलं की खोकते.

"वहिनी, औषध घ्या की काहीतरी," गिऱ्हाईकं म्हणतात.

"नको नको!" सलूनवाला ओरडतो. "तिचा खोकला बरा झाला, तर तुमचा डावा कल्ला राहिलाच."

दुपारी डबा उघडतो. कोबी असतोच. तो बायकोकडे बघतो. ती नुसती खोकते.