कॉम्रेडचा रडका चष्मा

"रडले! कॉम्रेड रडले!"

पॅकिंगवाल्या मावशीने किंकाळी फोडली आणि युनियनच्या सभागृहातली चारशे माणसं ताडकन उभी राहिली. मागचे बाकांवर चढले. एकाने तर मोबाइल उंच धरण्याच्या नादात पुढच्याच्या टकलाचाच आधार घेतला. व्यासपीठावर माझ्या नवऱ्याचा प्लॅस्टरचा पुतळा होता. त्याच्या नाकावर युनियनच्या अध्यक्षांनी नुकताच पेटीतून काढून चढवलेला नवऱ्याचा खराखुरा चष्मा होता, आणि त्या चष्म्याच्या जाड काचांवरून पाणी ओघळत होतं.

अध्यक्षांनी हात जोडले. "बंधूंनो, भगिनींनो! मी नुसता 'संप' हा शब्द उच्चारला, आणि बघा! ज्यांनी आपल्यासाठी तुरुंग भोगला, त्यांचा जीव आजही आपल्यासाठी तुटतोय. 'लेकरांनो, घाई करू नका,' असंच सांगतायत ते. मी कोण? मी नुसता पोस्टमन!"

पोस्टमन कसला, पत्र लिहिणाराही तोच होता, आणि शाई मालकाची. पण हे बोलायचं कुणी? संपाचं मतदान पुढच्या रविवारवर ढकललं गेलं आणि लोक डोळे पुसत घरी गेले.

आमच्या गावचा बर्फाचा कारखाना आणि त्याला लागून असलेलं शीतगृह अमोनियावर चालतं. तो वायू ज्या पाईपातून जातो तो गंजून पापुद्रे सुटलेला. वास येतो, डोळे चुरचुरतात. महिन्यापूर्वी एका कामगाराला शुद्ध हरपलेल्या अवस्थेत उचलून बाहेर आणलं. पाईप बदला, नाहीतर काम बंद, एवढीच मागणी होती. आणि त्या पाईपाखाली रोज पाना घेऊन उभी राहते ती माझी मुलगी. फिटर आहे ती.

उभा जन्म 'देव नाही' म्हणत हिंडलेल्या माणसाचा मेल्यावर देव झाला, तोही त्याच्याच युनियनमध्ये. हसावं की रडावं कळेना. रडायचं काम पुतळ्याने घेतलंच होतं, म्हणून मी विचार करायला बसले. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, तेवढी खोड राहिली आहे.

"आई, तू मध्ये पडू नकोस," मुलगी खोकत म्हणाली. "लोक बाबांचं नाव ऐकलं की वेडे होतात. मारतील तुला."

"मला ते मारायच्या आधी तुला पाईप मारेल. मला एक सांग, रडणाऱ्या माणसाचं काय भिजतं?"

"गाल."

"पुतळ्याचे गाल ठणठणीत कोरडे होते. भिजली होती फक्त काच, बाहेरच्या अंगानेसुद्धा. हे कसलं रडणं?"

मग दोघींनाही एकच गोष्ट आठवली. आमची खोली कारखान्याच्या फाटकासमोरच. नवरा शीतगृहातून सुटला की तसाच दारात येऊन उभा राहायचा, चष्मा पांढराफटक. काही दिसायचं नाही. "घर कुणाचं आहे हो हे? बाई असतील तर आवाज द्या," असं ओरडायचा, आणि मी पुढे होऊन त्याच्या नाकावरचा चष्मा काढून पुसायचे. रोजची थट्टा. आधी आठवण आली. मग राग आला, आणि तो जास्त उपयोगी पडला.

गंमत बघा, चष्मेवाला प्रत्येक कामगार थंड खोलीतून बाहेर आला की शर्टाच्या टोकाने काचा पुसतो. आणि सभेत येऊन त्याच पाण्यापुढे हात जोडतो! कामावरची अक्कल फाटकातच ठेवून यायची असते, असा काही नियम आहे की काय कोण जाणे.

रविवारी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. अध्यक्षांनी लाल मखमलीची पेटी आणली. चष्मा काढताना त्यांनी हाताला रुमाल गुंडाळला. "पवित्र वस्तू आहे," म्हणाले.

मी उठून थेट व्यासपीठावर गेले. "आज चष्मा मी घालणार. एवढा हक्क आहे ना माझा?"

टाळ्या पडल्या. अध्यक्षांना नाही म्हणता येईना. चष्मा हातात घेतला तर बोटांना चटका बसावा इतका गार. मी तो दोन्ही तळव्यांत घट्ट मिटला.

"आधी चार शब्द बोलते. तुमचा चष्मा द्या बरं जरा, समोरचं कुणी ओळखू येत नाही." त्यांनी मोठ्या आदबीने दिला. मी डोळ्यांना लावला, "छे, नंबर जमत नाही," म्हणाले, आणि त्यांच्याच पेटीत ठेवून झाकण लावलं. अध्यक्षांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण चारशे माणसांदेखत पेटीवर झडप घालणार कशी?

मग मी सावकाश बोलले. माझा नवरा लहानपणी एका बुवाचे पाय चेपायचा, हे किती जणांना माहीत होतं? त्याच्या धाकट्या भावाला ताप आला. बुवाने मंतरलेलं पाणी दिलं. भाऊ गेला, आणि बुवा म्हणाला, श्रद्धा कमी पडली. त्या दिवशी त्याने मठ सोडला. पुढे सुधारक मंडळात गेला. मालकाचं मन वळवू म्हणत अर्ज घेऊन दारात उभा राहायचा. मालक हसून चहा पाजायचा. मग बर्फाच्या यंत्रात मित्राचा हात गेला, आणि मालकाने पहिला प्रश्न विचारला, "यंत्र चालू आहे ना?" संप झाला, तुरुंग झाला. तुरुंगात वाचून, भांडून तो क्रांतिकारी कम्युनिस्ट होऊन बाहेर आला. म्हणाला, "यंत्र चालवणाऱ्यांच्याच मालकीचं यंत्र झालं पाहिजे. बुवाच्या दयेवर जगलो, मालकाच्या दयेवर जगलो. आता कुणाची दया नको." नंतर पक्षातल्या पुढाऱ्यांशीही तो कडाकडा भांडला. हो ला हो त्याने कधी केलंच नाही.

बोलता बोलता हातातला चष्मा ऊबदार झाला होता. मी तो पुतळ्याला घातला.

"आता म्हणा, अध्यक्ष. संप!"

अध्यक्षांची नजर पेटीवरच. मग मीच ओरडले, "संप! संप! संप!" पुतळा ढिम्म. काच लखलखीत कोरडी.

"रुसले वाटतं," कोणीतरी पुटपुटलं.

"थांबा की." मी पेटी उघडली, अध्यक्षांचा चष्मा काढला आणि कोपऱ्यातल्या झाडूच्या दांड्यावर, टांगायच्या दोरीत अडकवला. चारशे माणसांच्या श्वासांनी कोंदलेली ती हवा. बघता बघता काचा पांढऱ्या झाल्या, थेंब जमले, ओघळ लागले.

"बघा, झाडूलाही संप नकोय! पाया पडा त्याच्या!"

आधी एकच जण हसला. मग सगळं सभागृह खदखदलं. मुलीने पेटीची मखमल टरकन उचकटली. खाली थर्माकोल, आणि त्यात मीठ कालवलेला बर्फ. मिठाने बर्फ जास्त गार होतो, हे बर्फाच्या कारखान्यात कुणाला समजावायचं? थंड काचेवर दमट हवेतलं पाणी जमतं. चमत्कार एवढाच. अध्यक्ष मागच्या दाराने सटकले, चष्म्याविना, दाराच्या चौकटीला धडकून.

मावशी पुढे आली. डोळे लाल. "म्हणजे कॉम्रेडांना संप हवाच होता ना, बाई?"

माझा संताप झाला. "मावशी, एक बुवा आत्ता गेला, लगेच दुसरा नका बसवू! मेलेला माणूस मत देत नाही. चष्मा देत नाही, पुतळा देत नाही, आणि त्याची बायको म्हणून मीही त्याच्या वतीने देणार नाही. तो चुकायचासुद्धा. पाईप तुम्ही बघितलाय, वास तुमच्या नाकात आहे. डोळे तुमचे आहेत, डोकं तुमचं आहे. तुम्हाला काय वाटतं ते सांगा."

मावशीने पुतळ्याकडे पाठ केली, सभागृहाकडे तोंड केलं आणि हात वर केला. "माझं मत संपाला."

एकेक करत हात वर जात राहिले. मुलीचाही गेला, दुसऱ्या हाताने तोंडावर रुमाल धरून. मी नवऱ्याच्या नाकावरचा चष्मा काढला, नेहमीसारखा पुसला आणि घरी घेऊन आले.